मायेनं अडवलेली माणसं

माझ्या आत्याला आयुष्यात कुणी उपाशी ठेवलं नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरात तिला कुणी टाकून बोललं नाही, सणाचं लुगडं चुकलं नाही, पंगतीत तिचं ताट मागं राहिलं नाही. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. गुडघ्यावर हात दाबून ती चालते. आजी-आजोबा गेल्यावर माझ्या वडिलांनी आणि काकांनी तिला तितक्याच मायेनं सांभाळलं. आज तिनं पन्नाशी ओलांडली आहे, आणि "तुला कुठं जायचंय?" असं तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

"तुला काय पाहिजे?" हे मात्र सगळे विचारायचे. त्यामागोमाग येणारं वाक्यही ठरलेलं असायचं. "सांग, मी आणतो."

या "मी आणतो"बद्दल मला लिहायचं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातल्या आमच्या मराठी पट्ट्यात माणसं मदतीला कमी पडत नाहीत. अडल्यानडल्याला शेजार धावतो, भाऊबंद भांडले तरी आजारपणात उभे राहतात. अपंग माणसाला घास मिळतो, पांघरूण मिळतं, देवाच्या यात्रेला पाठुंगळीवर बसून जायलाही मिळतं. त्याला मिळत नाही ती ठरवायची मोकळीक. कधी उठायचं, कुठं जायचं, कुणाशी बोलायचं, पैसे कशावर घालायचे, हे त्याच्या वतीनं दुसऱ्यानंच ठरवलेलं असतं. ते इतक्या प्रेमानं ठरवलेलं असतं की तक्रार करणाराच कृतघ्न दिसतो.

आत्या ब्लाऊज शिवते. आधी एका पायानं मशीन चालवायची, पुढं मोटर बसवली. हात एवढा चांगला की आसपासच्या वाड्यांवरच्या बायकाही कापड घेऊन यायच्या. अडायचं ते अस्तराशी. ब्लाऊजपीसचा तुकडा कागदात गुंडाळून काकांच्या खिशात जायचा. काका खतं आणायला बेळगावला गेले की अस्तर आणायचे. डाळिंबी सांगितलेलं मरून यायचं, मोरपंखी सांगितलेलं निळं यायचं. काकांचा दोष नव्हता. रंग सांगून आणता येत नाही, तो कापडाला कापड लावून बघावा लागतो. अस्तर जरा उजळ आलं की ब्लाऊजचा रंग बाहेरून वेगळा दिसतो. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या खेपेला कापड खानापूरच्या टेलरकडं जातं. हळूहळू आत्याकडं फॉल-बिडिंग आणि जुनी कापडं उसवून शिवणं एवढंच काम उरलं. सगळ्यांना वाटायचं, आता वयानं होत नाही तिच्यानं.

मग घरात चुलतभावाची बायको आली, निपाणीकडची. तिनं एकदा सहज विचारलं, "आत्या, तुम्हीच का जात नाही?" घरात गडबड उडाली. बसमध्ये चढणार कशी, गर्दीत कुणाचा धक्का लागला तर, पाऊस आला तर. आत्या एवढंच म्हणाली, "मी जातो. तू नुसती संगट चल."

त्या दोघींबरोबर मीही बेळगावच्या गणपत गल्लीत, बाजारात होते, म्हणून पुढचं मला नीट सांगता येतं. दुकानदारानं आत्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि वहिनीकडं बघून विचारलं, "यांना कसलं दाखवू?" वहिनीनं उत्तर दिलं नाही. ती समोरच्या दुकानातल्या साड्या बघत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं, तरी ती वळली नाही. शेवटी त्याला आत्याकडंच बघावं लागलं. आत्यानं पिशवीतून तुकडे काढले, गल्ल्यावर मांडले, आणि पुढचा बराच वेळ त्या दोघांचं असं काही बोलणं चाललं की बाकी सगळे बाजूलाच पडले. कुठल्या अस्तराचा रंग धुतल्यावर जातो, कुठलं आटतं, हूकचा डबा कितीला. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडावर तिचा भरवसा नव्हता. गुडघा दाबत ती दारापर्यंत गेली आणि उन्हात कापड धरून बघितलं. आता तो दुकानदार तिला मावशी म्हणतो आणि नवा माल आला की फोन करतो.

अपंगांना मदत कशी करावी यावर मी बरंच वाचलं आहे, पण वहिनीच्या त्या पाठ फिरवण्याइतकं नेमकं फार थोडं सापडलं. ती सोबत होती. बसमध्ये चढताना तिनं हात दिला, पिशवी धरली. पण जिथं बोलायचं आणि ठरवायचं होतं, तिथून ती जाणूनबुजून बाजूला झाली. सोबत करावी, पण माणसाची जागा घेऊ नये.

स्वतंत्र जगणं म्हणजे सगळं आपलं आपण करणं, असं आपण धरून चालतो आणि तिथंच फसतो. मग ज्याला आंघोळीलाही दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या बाबतीत स्वातंत्र्याचा विषयच आपण सोडून देतो. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा माणूस होऊन गेला. चौदाव्या वर्षी पोलिओनं मानेखालचं शरीर लुळं पडलं, रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपावं लागायचं. १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला. हा कधी नोकरी करू शकणार नाही, असं तिथल्या सरकारी पुनर्वसन खात्यानं ठरवून टाकलं होतं. १९७२ मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी बर्कलीत स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभं केलं, आणि १९७५ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या त्याच खात्याचा प्रमुख झाला. जेवताना, कपडे घालताना त्याला शेवटपर्यंत माणूस लागला. पण माणूस कुठला, तो कधी येणार आणि काय करणार, हे ठरवणं त्यानं दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

एवढ्या लांबचं उदाहरण कशाला, असं कुणी म्हणेल. आमच्या शेजारीच कोल्हापूर आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये तिथं हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. ऐन उमेदीत त्यांचे पाय गेले आणि त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या. नोकरी करत करत त्यांनी मुलांसाठी वसतिगृह उभारलं, पुढं सिंधुदुर्गात काजूवर प्रक्रिया करणारा कारखानाही आला. मला त्यातला कारखाना फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे अपंग बाईसाठी काम शोधायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच सूचना असते: घरबसल्या काहीतरी. निपाणी भागात कित्येक घरांत सुपात पानं-तंबाखू घेऊन बिड्या वळल्या जातात. पायानं अधू बाईला ते काम सुचवणं सगळ्यात सोपं. त्यातून पैसे मिळतात, नाही असं नाही. पण ती बसलेली असते त्याच सोप्यात. कारखान्यात जाणाऱ्या बाईला वाट असते, डबा असतो, सोबतिणी असतात, भांडणं असतात, पगाराचा दिवस असतो. मजुरी दोन्हीकडं सारखी मिळाली, तरी त्या दोघींचं आयुष्य सारखं नसतं.

बसचंच बघा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आली आणि बायकांना परिवहनच्या साध्या बसमधून राज्यात फुकट फिरता येऊ लागलं. आत्यासारखीच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. तिकिटासाठी भावापुढं हात पसरायला नको. पण तिकीट गेलं तरी पायरी तेवढीच उंच आहे. बसची पहिली पायरी आत्याच्या गुडघ्याच्या वर येते. गाडी थांब्याच्या पुढं जाऊन थांबली की धावत गाठणारे चढून जातात आणि ती रस्त्यात उभी राहते. राखीव सीट आत असते. तिथपर्यंत पोचायचं ते पायरीवरूनच. शिवाय ही फुकट वाट राज्याच्या हद्दीपुरती. आमच्या भागातल्या माणसांचं दवाखान्याचं, लग्नकार्याचं, देवदेवाचं जाणं-येणं कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडशी जोडलेलं आहे. पलीकडची माणसं तशीच उपचाराला बेळगावात येतात. नकाशावरची रेघ धडधाकट माणसाला जाणवत नाही. ज्याचं प्रत्येक पाऊल पासावर, दाखल्यावर, सवलतीवर चालतं, त्याला ती रोज ओलांडावी लागते. त्यातल्या त्यात एक बरं झालं, स्वावलंबन कार्ड म्हणतात ते दिव्यांगत्वाचं ओळखपत्र आता देशभर चालतं.

बेळगावातल्या वडगावात माझ्या ओळखीचा एक तरुण आहे. घरात माग, वडील विणकर, याला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी कांड्या भरायचा, मग अंधशाळेत गेला. शिक्षण कानडीतून, घरची भाषा मराठी. मी त्याला एकदा विचारलं, मराठी वाचायला वेगळं शिकावं लागलं का? तो म्हणाला, "शिकायचं काय त्यात? अक्षर तेच की." तोवर मला हे ठाऊक नव्हतं. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी जी भारती ब्रेल ठरली, तिच्यात सारख्या उच्चाराच्या अक्षराला सगळ्या भाषांत तोच ठिपक्यांचा आकार आहे. कानडी म असो की मराठी म, ठिपके पहिला, तिसरा आणि चौथा. कानडीत ऱ्हस्व ए, ओ अशी एखाद-दुसरी जादा अक्षरं असतात, बाकी बोटाला दोन्ही भाषांची मुळाक्षरं एकच लागतात. ज्या शहरात पाटी कुठल्या लिपीत लावायची यावरून माझ्या दोन पिढ्या भांडत आल्या, त्याच शहरात हा मुलगा एका बोटानं दोन्ही भाषा वाचतो.

पाटी मात्र त्याला कुठल्याच लिपीतली उपयोगाची नाही. त्याला लागते हाक. "खानापूर, खानापूर, लोंढाऽऽ" अशी दारात उभं राहून कंडक्टरनं दिलेली हाक ही त्याची पाटी. आजकाल बरेच कंडक्टर आत बसून राहतात आणि काचेवरच्या बोर्डावर काम भागवतात. मग त्याला फलाटावर कुणाचा तरी हात धरून विचारावं लागतं, "कुठली गाडी ही?" स्टँड नवं झालं, फरशी आली, लाइट आले. पण गाडीचं नाव मोठ्यानं सांगायला पैसा लागत नाही. माझ्या हातात असतं तर कंडक्टरच्या कामाच्या यादीत हे पहिलं लिहिलं असतं.

पैशाच्या व्यवहारात त्याला काय काय करावं लागतं, तेही त्यानं मला दाखवलं. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या आताच्या नोटा रुंदीला सारख्याच आहेत, ६६ मिलिमीटर. लांबीत फक्त चार-चार मिलिमीटरचा फरक. नव्या नोटेच्या कडेला उठावाच्या रेघा असतात, शंभरावर चार, पाचशेवर पाच. बाजारात फिरून नोट मऊ झाली की रेघा बोटाला लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखून सांगणारं ॲप २०२० पासून आहे. पण भाजीच्या गाड्यापुढं, मागं चार माणसं उभी असताना, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात फोन धरून नोटेचा फोटो कसा काढायचा? तो दोनशेची नोट मधोमध दुमडून ठेवतो आणि पाचशेची चौघडी करतो. घरातून निघताना आईकडून एकदा तपासून घेतो. आणि सगळ्यात जास्त वापरतो ते फोनवरचं पेमेंट, कारण तिथं रक्कम फोन बोलून दाखवतो आणि आईलाही विचारावं लागत नाही. "आई बघते म्हणजे आईला कळतं की मी कितीचं काय घेतलं," तो म्हणाला. पंचविशीतल्या कुठल्या मुलाला हे आवडेल?

हा खासगीपणाचा मुद्दा आमच्याकडे कुणाच्या गावीही नसतो. अपंग माणसाची पेन्शन बँकेत येते आणि एटीएमचं कार्ड पुतण्याकडं असतं. पिन सगळ्या घराला पाठ. पैसे कुणी खात नाही, बहुतेक घरांत तरी नाही. तेल-मीठ त्यातूनच येतं. पण पेन्शन ज्याच्या नावावर आहे, त्यानं त्यातले पन्नास रुपये कधी आपल्या मनानं उडवलेले नसतात.

आणि मग जमिनीचा विषय येतो, तिथं माया पातळ होते. वडील वारले की उताऱ्यावर वारसांची नावं लागतात. पायानं अधू, आंधळी किंवा बुद्धीनं मंद बहीण असली की हक्कसोडीचा कागद पहिला तिच्यापुढं येतो. "तुला काय करायचीय जमीन, आम्ही आहोत की सांभाळायला." ती अंगठा उठवते. सांभाळतातही, भाऊ आहे तोवर. भावजयीच्या, पुतण्याच्या काळात काय होईल, हे त्या कागदात नसतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सात प्रकारच्या अपंगत्वांचे एकवीस झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीन टक्क्यांचं चार झालं, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यातलं कलम १३ मात्र मला आमच्या गावात कुणाला माहीत असल्याचं दिसलं नाही. ते सांगतं की अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं स्थावर-जंगम मालमत्ता बाळगायचा, वारसानं मिळवायचा, आपला पैशाचा व्यवहार आपण चालवायचा आणि बँकेचं कर्ज घ्यायचा हक्क आहे. एखाद्या व्यवहारात आधार देणाऱ्याचा स्वतःचाच स्वार्थ गुंतला असेल, तर त्या व्यवहारात त्यानं आधार देऊ नये, बाजूला व्हावं. आधाराची व्यवस्था पटली नाही तर ती बदलायचा, मोडायचा, दुसऱ्याकडं मागायचा हक्क अपंग माणसाला आहे. आधार देणाऱ्यानं दडपण आणू नये, त्याची स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपावा. हक्कसोडीवर भाऊच बहिणीचा हात धरून अंगठा उठवून घेतो, तिथं हे कलम मोठ्यानं वाचून दाखवायला हवं.

वाचून दाखवायला हवं म्हणते, कारण कागद कानडीत असतो. नाडकचेरीचा, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीचा अर्ज, सरकारी सेवांच्या ग्रामवन केंद्रातली पावती, पेन्शनचा आदेश, वैद्यकीय मंडळाची तारीख, सगळं. राज्याचा कारभार राज्याच्या भाषेत चालणार, हे समजण्यासारखं आहे. आणि आमच्यातली नवी मुलं कानडी शिकतातही. पण आत्याच्या वयाची, मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई काय करणार? भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत द्यावेत, हे तत्त्व देशात फार जुनं आहे. आमच्या भागात त्यावरून मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. त्या सगळ्या वादात अपंग माणसाचा विचार मी कधी ऐकला नाही. खरं तर भाषेची अडचण त्याला सगळ्यांच्या आधी बोचते. धडधाकट माणूस कचेरीत चार टेबलं फिरून, दोघांना विचारून काम काढून आणतो. जो एका टेबलापर्यंत मुश्किलीनं पोचला, त्याला पहिल्याच टेबलावर कळलं पाहिजे. नाही तर वाचून सांगणारा, भरून देणारा, सही कुठं करायची ते दाखवणारा असा आणखी एक मधला माणूस त्याच्या आयुष्यात येतो, आणि तो काय वाचतो यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो.

एक चांगली गोष्ट कर्नाटकानं केली आहे, ती सांगायलाच हवी. ग्रामपंचायतीच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमले, आणि ते स्वतः अपंग असतात. आमच्याकडच्या कार्यकर्त्या बाजूला चाकं जोडलेल्या स्कूटरवरून वाड्यांवर फिरतात. त्या दारात आल्या की घरातली माणसं आधी त्यांची स्कूटर बघतात, मग कागदाचं बोलतात. आत्यानंही आधी स्कूटरबद्दलच विचारलं. मानधन तुटपुंजं, काम दिवसभराचं. पण त्यांच्याशी बोलताना आत्या ज्या स्वरात बोलते, तो मी कचेरीतल्या कुठल्याही साहेबापुढं ऐकलेला नाही.

ऐकू न येणाऱ्या मुलांबद्दल थोडं. वसतिगृहाच्या शाळेत ती खुणांच्या भाषेत तासन्‌तास बोलतात आणि दिवाळीला घरी आली की मुकी होतात, कारण घरात ती भाषा कुणाला येत नाही. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था निघाली, तिनं दहा हजार शब्दांचा कोश केला, तो फोनवर बघता येतो. आईबापांनी त्यातल्या रोजच्या खुणा शिकल्या, तरी घर त्या मुलाला बोलतं होईल. मुलानं ओठ वाचायला शिकावं म्हणून सगळे मागं लागतात. आपले हात हलवायला शिकणं मात्र घरात कुणाच्या डोक्यात येत नाही.

बुद्धीनं मागं राहिलेल्या मुलांच्या आईबापांचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो एकच असतो: आमच्यामागं कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालकत्वाची सोय केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करायचा. पण माझ्या माहितीतल्या एका घरात चाळिशीचा मुलगा आहे, गुरं राखतो, कुठली म्हैस कधी व्याली हे त्याच्या ध्यानात असतं, दुधाचा हिशेब मात्र येत नाही. त्याच्यामागं कोण, हे ठरवायला घरात बैठक बसली तेव्हा तो गोठ्यात होता. कुणाकडं राहायचं, हे त्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. म्हशी जिकडं जातील तिकडं.

इमारतींचं बोलायचं तर गेल्या काही वर्षांत शाळा, पंचायती, दवाखाने सगळीकडं उतरते रॅम्प झाले. त्यातल्या कितींवर चाकाची खुर्ची आपल्या हातानं चढते, हे जाऊन बघावं. एक फूट उंच चढायला बारा फूट लांबी लागते, हे साधं माप आहे. आमच्याकडे दोन-तीन पायऱ्यांच्या जागेत चार फुटांचा रॅम्प ओतला की काम झालं म्हणून बिल निघतं. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. खानापूरचा पाऊस काही साधा नसतो. नियमच बंधनकारक नव्हते, नुसते शिफारशीसारखे होते, ही त्यातली मोठी खोट. अपंगांना सगळीकडं वावरता यावं म्हणून राजीव रातुरी यांनी लढवलेल्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दलचा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला सक्तीची मानकं करायला सांगितलं. दिल्लीतला निकाल आमच्या पंचायतीच्या रॅम्पपर्यंत यायला वेळ लागेल. तोवर गवंड्याच्या हातात टेप आणि तोंडात "फुटाला बारा" हे असलं, तरी खूप झालं.

मतदानाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत कर्नाटकात ऐंशीच्या वरच्या मतदारांना आणि अपंगांना घरून मत द्यायची सोय पहिल्यांदा मिळाली. जो खाटेवरून उठू शकत नाही, त्याच्यासाठी ती देणगीच आहे. पण आमच्या भागात मतदान म्हणजे गावचा दिवस असतो. शाळेच्या आवारात रांग, बाहेर टेबलं, कोण कुणाशी बोलतो, कुणाचं पोरगं कुणाच्या मांडवात बसलंय. आत्याला घरी पेटी येईल म्हणून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी शाळेत जातो. सगळी येतात की तिथं." घरून मत द्यायची सोय असावीच, पण तिच्या भरवशावर शाळेची पायरी तशीच सोडू नये.

सध्या आमच्या गावात विषय चालू आहे तो पाच टक्क्यांचा. ग्रामपंचायतीनं आपल्या निधीतले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. आजवर त्यातून बहुतेक वेळा वस्तू आल्या आहेत: सगळ्यांना सारख्याच मापाच्या खुर्च्या, काठ्या, चादरी, आणि वाटपाचा फोटो. कुणाला काय हवं, हे विचारलेलं नसतं. अपंगांसाठी वेगळी ग्रामसभाही होते, पण ती बऱ्याचदा नोंदवहीत होते. यंदा पुनर्वसन कार्यकर्त्या, आत्या, त्या गुरं राखणाऱ्या मुलाचे वडील आणि आणखी काही जणांनी बसून मागण्या काढल्या. आत्यानं पहिली मागणी बस थांब्यावर उंच ओट्याची लिहायला लावली, म्हणजे पायरी ओट्याच्या पातळीला येईल आणि चढायला तिला कुणाचा हात लागणार नाही. दुसरी, थांब्यापासून पंचायतीपर्यंतचा चिखलाचा पट्टा फरशी घालून घ्यायचा. गुरं राखणाऱ्या मुलाला त्यांनी या वेळी बोलावलं होतं; त्यानं गोठ्याजवळच्या हापशाचा दांडा बसवायला सांगितलं, तेही यादीत आहे. सभा वरच्या मजल्यावर न घेता देवळाच्या मांडवात घ्यायची, आणि ठराव कानडीत लिहून झाला की सह्यांना पुढं सरकवण्याआधी तो मराठीतून मोठ्यानं वाचून दाखवायचा, हे सगळ्यात वर लिहिलं आहे. अर्जाची पोच मिळाली आहे. सभेची तारीख पंचायतीनं अजून कळवलेली नाही, आणि कार्यकर्त्या दर सोमवारी जाऊन ती विचारतात.